दोन कानांमधलं अंतर

उजवीकडून आलेला पावशाचा आवाज डाव्या कानात फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि डोकं आड आल्यामुळे थोडा मंदही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. कानात घालायचे बायनॉरल माइक हाच फरक टिपतात, म्हणून निवड करताना एकच प्रश्न आधी विचारावा: हा फरक फाइलपर्यंत शाबूत पोचतो का? बहुतेकदा तो पिनपाशीच हरवतो. मोबाइलच्या हेडफोनची पिन नीट पाहा. तीन काळी वलयं, म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, अर्थ आणि माइक. माइकला जागा एकच! दोन माइकांची स्टिरिओ पिन तिथे थेट लावली तर महागडी जोडीही उपयोगाची नाही. स्टिरिओ इनपुट आणि माइकला लागणारा वीजपुरवठा देणारा यूएसबी इंटरफेस किंवा छोटा रेकॉर्डर हवाच.

ॲपचा विचार त्यानंतर. फोनमधली ध्वनिप्रक्रिया बोलण्यासाठी घडवलेली असते. रातकिडे आणि पाऊस तिच्या लेखी गोंगाट. त्यामुळे आपोआप आवाज वाढवणं आणि गोंगाट दाबणं बंद करता येईल, दोन चॅनेलची वेव्ह फाइल मिळेल, असंच ॲप घ्यावं. प्रत्येकाच्या कानाची पाळी वेगळी, मग एकाच्या कानातलं दुसऱ्याला कसं पटेल, हा आक्षेप रास्त आहे. वर-खाली, पुढे-मागे ओळखताना गल्लत होतेच. डावं-उजवं मात्र टिकतं, ऐकणाऱ्याने हेडफोन लावले तर.