पान मुलाच्या हातात
चित्रं वाचताना : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण बाळबोध पुस्तकांतल्या प्राण्यांच्या चित्रांपाशी थांबलो होतो. आज भुतांकडे वळू.

दिवाळीत अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला बहिणीकडे गेलो होतो. संध्याकाळी लाईट गेली. सोप्यात इन्व्हर्टरवरचा एकच बल्ब उरला आणि त्याच्याखाली नऊ वर्षांची भाची तिच्या आजोबांचा जुना गठ्ठा घेऊन बसली. 'चांदोबा'चे अंक, वर्षावर्षाचे एकत्र करून आजोबांनी स्वतः सुतळीने शिवलेले. पानं पिवळी पडलेली, कडा चुरमुऱ्यासारख्या. ती भराभर पानं उलटत होती. विक्रम-वेताळाचं पान आलं आणि ती थांबली. चित्रावर तळहात ठेवला. मग दोन बोटांमध्ये फट करून एका डोळ्याने आत पाहिलं. पुन्हा फट बंद. मी गठ्ठा जवळ ओढायला गेलो तर म्हणाली, "मामा, भेव लागते मले. पन पान पलटू नोको."

या लेखाचा सगळा विषय या दोन वाक्यांत आहे. भीती वाटते आणि पान उलटायचं नाही. असं का होतं?

ते चित्र कोणाचं, हे आधी सांगायला हवं, कारण आपल्यातल्या हजारो लोकांनी ते पाहिलंय आणि नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. के. सी. शिवशंकरन, सही 'शंकर'. जन्म १९२४चा, तमिळनाडूतला. मद्रासच्या कलाशाळेत शिकले आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला 'चंदामामा'त आले. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी हे मासिक जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये काढलं होतं. एप्रिल १९५२पासून ते मराठीत 'चांदोबा' म्हणून यायला लागलं. मजकूर प्रत्येक भाषेत वेगळा छापायचा, पण चित्रं सगळीकडे तीच. म्हणजे मोर्शीचं पोर आणि मदुराईचं पोर एकाच राजाकडे पाहून घाबरत होतं. शंकर २०२० साली, शहाण्णव वर्षांचे होऊन गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच यादीत सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे होते, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची ठाकर समाजाची परंपरा टिकवणारे. यादी करणाऱ्यांच्या मनात तसं काही नसेलही, पण मला ही दोन नावं एकाच वर्षी येणं फार योग्य वाटलं. दोघांचं काम एकच : चित्र पुढे धरायचं आणि गोष्ट सांगायची.

चित्रकथी हातातल्या फळीवर एक चित्र उभं करतो, गातो, सांगतो आणि मग पुढचं काढतो. एका कथेच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. त्यातले राक्षस आठवा. चेहरा एका बाजूने, पण डोळा अख्खा, मोठा, आपल्याकडे पाहणारा. मात्र पुढचं चित्र कधी येणार हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. रावण किती वेळ समोर राहणार हे तो ठरवतो आणि मूल आईला चिकटून बसतं.

छापील पुस्तकाने ही सत्ता मुलाच्या हातात दिली. माझ्या मते भयचित्राची खरी ओढ इथे आहे. पान मूल धरतं. ते तळहाताने झाकू शकतं, बोटांच्या फटीतून पाहू शकतं, गठ्ठा धाडकन मिटून उशीखाली ढकलू शकतं. वेताळ तिथेच थांबतो. तो हलत नाही, घाई करत नाही. १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'विक्रम और बेताल' आलं तेव्हा आम्ही सगळे शेजारच्या घरी जमायचो. ते आवडायचंच. पण त्यातला बेताल स्वतःच्या वेळेने येई आणि जाई. आज मला त्याचं हसू आणि आवाज आठवतो, एकही चौकट डोळ्यांपुढे उभी राहत नाही. चांदोबातला राजा मात्र डोळे मिटले तरी दिसतो, कारण त्याच्याकडे मी माझ्या हिशेबाने, हवा तितका वेळ पाहिलं होतं.

डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली याच्याशी जुळणारी गोष्ट मोजून दाखवली. भयगृहात जाणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके त्यांनी यंत्राने नोंदवले. फार कमी भीती वाटली तेव्हा मजा कमी, फार जास्त वाटली तेव्हाही कमी. मजा मधल्या पट्ट्यात. माझी भाची बोटांची फट लहानमोठी करून तोच पट्टा शोधत होती.

आता चित्राकडे जरा जवळून पाहू. राजा, उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. बोलतो कोण? वेताळ. पण वेताळ म्हणजे प्रेतात शिरलेलं पिशाच, त्याला स्वतःचं तोंडच नाही. जे चित्रात दिसतं ते बोलणारं नव्हे आणि जे बोलतं ते दिसत नाही. चित्रकाराने कितीही रेषा ओढल्या तरी ही एक जागा रिकामी राहते आणि ती भरायचं काम मुलाकडे येतं. प्रत्येक मूल ती आपापल्या भीतीने भरतं. आमच्याकडे संत्र्याच्या बागेतून रात्री येताना चकवा लागतो म्हणत, पिंपळावर मुंजा असे, विहिरीत आसरा. माझ्या वेताळाला त्या सगळ्यांचा थोडाथोडा चेहरा होता.

दुसरं म्हणजे तेच ते येणं. दर महिन्याला तीच सुरुवात. राजा पुन्हा झाडाकडे जातो, प्रेत खाली उतरवतो, खांद्यावर टाकून निघतो. गोष्ट संपते, प्रश्न येतो, राजा बोलतो, वेताळ उडून झाडावर. मूळ गोष्टी पंचवीस होत्या. त्या संपल्यावर चांदोबाने त्याच चौकटीत नव्या घालून हे सदर कितीतरी वर्षं चालवलं. राजाला कुठल्याच महिन्यात काहीही होत नाही, हे मुलाला पक्कं ठाऊक असे. म्हणून तर चित्राकडे पाहायची हिंमत होई.

चांदोबात गोष्ट बदले, चित्र तेच राही. अमेरिकेत याच्या उलट एक प्रयोग नकळत घडला. आल्विन श्वार्ट्झ यांची अंधारात सांगायच्या भीतिकथांची तीन पुस्तकं १९८१ ते १९९१ या काळात आली. चित्रं स्टीफन गॅमेल यांची. मुळांसारख्या लोंबणाऱ्या रेषा, पाण्याने पसरलेली शाई, अर्धवट विरघळलेले चेहरे. पालक इतके हादरले की नव्वदच्या दशकात ग्रंथालयांतून काढायची मागणी झालेल्या पुस्तकांच्या यादीत हीच पहिली होती. २०११ साली प्रकाशकाने गोष्टी तशाच ठेवून दुसऱ्या चित्रकाराची, जरा सौम्य चित्रं घातली. ओरड केली ती आता मोठ्या झालेल्या त्याच मुलांनी. अखेर २०१७ मध्ये गॅमेलची चित्रं परत आली. शब्द एकही बदलला नव्हता, तरी वाचकांना पुस्तक हरवल्यासारखं वाटलं. भयकथेत चित्र हे शोभेसाठी नसतं, याला यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

मुलांना असली चित्रं दाखवावीत का, हे मला नेहमी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : दाखवावीत, पण पान त्यांच्या हातात द्यावं. आपण उलटून दाखवू नये, 'घाबरतोस काय' म्हणू नये, आणि मध्येच हिसकावूनही घेऊ नये.

रिद्धपूर हे तसं शब्दांचं गाव. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं हे स्थान. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसामाणसाला विचारून गोळा केलेल्या लीळा लिहिल्या त्या इथे. महदंबेचे धवळे इथले. मराठी भाषा विद्यापीठही आता इथेच आलंय. अशा गावात बसून भाचीने मला चित्राबद्दलच प्रश्न विचारला, "हा राजा कोन्या गावचा होय?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगताना मजा वाटली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यात वेताळाला वाहणाऱ्या राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. ज्या 'बृहत्कथे'वरून सोमदेवाने हे घेतलं ती लिहिणारा गुणाढ्य हाही कथेत प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातला, आणि त्याने ती लिहिली पैशाची भाषेत, पिशाच्चांच्या बोलीत. १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत छापली, तेव्हा एका अर्थी राजा घरी आला. मग मद्रासच्या एका चित्रकाराने त्याला चेहरा दिला.

भाचीने दप्तरातून शाळेचा नकाशा काढला. पैठण सापडायला वेळ लागला. मग तिथून अमरावतीपर्यंत तिने बोट हळूहळू ओढत आणलं, मध्ये दोनदा थांबली.

"म्हंजे तो आपल्याकडचाच व्हय," ती म्हणाली, आणि चित्रावरचा हात काढून घेतला.

(पुढच्या आठवड्यात : नागपूरची मारबत)