स्पिनर आणि जुना कन्सोल : वायर जोडण्याआधी विचारायचा प्रश्न



आजचा विषय आहे स्पिनर, म्हणजे न अडता कितीही फेऱ्या फिरणारा नॉब, आणि तो जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलला कसा जोडायचा. विषय छोटा वाटतो, पण यात बरीच मंडळी अडकतात. प्लग बसतो, बटण चालतं, आणि पडद्यावरची गाडी मात्र भलतीकडेच वळते.

नॉबचे खेळ जॉयस्टिकच्या खेळांइतकेच जुने आहेत. १९७२ चा पाँग, १९७६ चा ब्रेकआउट, १९८१ चा टेम्पेस्ट हे सगळे नॉबसाठीच रचलेले. ते जॉयस्टिकवर खेळणं म्हणजे तबला काठीने वाजवण्यासारखं आहे. मूळ नॉब आता चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे झाले, झिजले. कन्सोल अजून शाबूत असेल, तर नवा नॉब बनवणं हाच त्यावर खरा उपाय.

जागा सांगायच्या दोन रीती

नकाशावाचन शिकवताना आम्ही जवानांना आपली जागा शोधायच्या दोन रीती सांगायचो. पहिली : समोरच्या दोन ओळखीच्या खुणांचे कंपासने कोन घ्या आणि नकाशावर रेघा ओढा. रेघा मिळतील तिथे तुम्ही. दुसरी : माहीत असलेल्या जागेवरून निघा आणि दिशा धरून पावलं मोजत जा. पहिल्या रीतीत मधल्या वाटेचा हिशोब लागत नाही. दुसरीत मोजणी चुकली की पुढचं सगळंच चुकतं.

जुन्या कन्सोलचे नॉबही याच दोन जातींचे असतात. याचं उत्तम उदाहरण १९७७ चा अटारी २६००. त्याचा पॅडल आणि त्याचा ड्रायव्हिंग कंट्रोलर दिसायला जवळजवळ जुळे भाऊ, प्लगही तोच नऊ पिनांचा. आतून मात्र दोघांचा काही संबंध नाही.

पॅडलमध्ये एक मेगाओमचा पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या नॉबसारखा. तो दोन्ही टोकांना अडतो. कन्सोल आपल्या आतला कपॅसिटर रिकामा करतो आणि तो या रोधातून पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते मोजतो. रोध जास्त, तर वेळ जास्त. त्या वेळेवरून नॉब नेमका कुठे आहे ते कळतं. ही झाली पहिली रीत.

ड्रायव्हिंग कंट्रोलर इंडी ५०० या गाड्यांच्या खेळाबरोबर आला. तो अखंड फिरतो आणि आपली जागा कधीच सांगत नाही. त्याच्या दोन वायरी ठरलेल्या क्रमाने चालू-बंद होतात : दोन्ही बंद, पहिली चालू, दोन्ही चालू, दुसरी चालू, पुन्हा दोन्ही बंद. क्रम सुलटा असेल तर एक दिशा, उलटा असेल तर दुसरी. ही पावलं मोजायची रीत. प्रत्येक पावलाला एकच वायर बदलते, म्हणून अर्धवट बदल वाचला जाऊन घोटाळा होत नाही. या पद्धतीला ग्रे कोड म्हणतात. बेल लॅब्समधल्या फ्रँक ग्रे यांना त्याचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं.

म्हणून सोल्डरिंगची इस्त्री तापवण्याआधी एकच प्रश्न विचारा : हा खेळ ‘तू कुठे आहेस’ विचारतो, की ‘तू किती सरकलास’? पहिल्याला पोटेन्शिओमीटर लागतो, दुसऱ्याला एन्कोडर. पॅडलच्या खेळाला स्पिनर नुसता जोडून काहीच होणार नाही. तिथे एक मेगाओमचा लिनिअर पोटेन्शिओमीटरच बसवा. बाजारात सहज मिळणारे डिजिटल पोटेन्शिओमीटर बहुधा दहा किंवा शंभर किलोओमचे असतात, ते इथे अपुरे पडतात.

अटारीची जोडणी

इंडी ५०० साठी जोडणी सोपी आहे. एन्कोडरच्या दोन वायरी पिन १ आणि २ ला, सामाईक वायर पिन ८ ला, म्हणजे ग्राउंडला. बटण पिन ६ आणि ८ च्या मध्ये. कन्सोलच्या बाजूला सॉकेटमध्ये पिना असतात, त्यामुळे आपल्याला भोकांचा प्लग लागेल. गाडी उलटी वळली तर १ आणि २ ची अदलाबदल करा. तयार केबल घेतलीत तर वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर बझरवर लावा आणि एकेक पिन तपासा.

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमध्ये, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर सहज मिळेल.

नवा एन्कोडर गडबडतो का?

आता खरी मेख. मूळ ड्रायव्हिंग कंट्रोलर एका फेरीत १६ पावलं देतो. खेळ त्याच्याकडे प्रत्येक चित्रागणिक एकदा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बघतो असं धरा. दोन बघण्यांच्या मध्ये एकच पाऊल पडलं तर ठीक. दोन पडली तर दोन्ही वायरी बदललेल्या दिसतात आणि दिशा कळत नाही. तीन पडली तर ते उलट दिशेचं एक पाऊल वाटतं. चार पडली तर चक्र पूर्ण होऊन सगळं जैसे थे, म्हणजे खेळाच्या लेखी नॉब हललाच नाही.

आकडे मांडू. १६ पावलांचा नॉब सेकंदाला पावणेचार फेऱ्यांपर्यंत सुरक्षित आहे. हाताला तेवढं पुरतं. बाजारातला ‘टक-टक’ करणारा साधा एन्कोडर फेरीला २० चक्रं, म्हणजे ८० पावलं देतो. त्याची मर्यादा सेकंदाला पाऊण फेरी. शिवाय त्याच्या प्रत्येक ‘टक’मध्ये चार पावलं उरकतात, त्यामुळे झटक्यात फिरवलात तर गाडी ढिम्म हलत नाही. फेरीला ६०० चक्रांचा भारी औद्योगिक एन्कोडर लावलात तर २,४०० पावलं होतात आणि एका फेरीला ४० सेकंद घ्यावे लागतात! महाग म्हणजे चांगलं, हे इथे लागू नाही.

यावर उपाय म्हणजे मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर, अर्डुइनोसारखा. तो एन्कोडरचं प्रत्येक पाऊल झपाट्याने वाचतो, ८० ला ५ ने भागून १६ करतो आणि कन्सोलला एका चित्रात एकाहून जास्त पाऊल देत नाही. हात थांबला की साठलेली पावलं टाकून द्यायची, नाहीतर नॉब सोडल्यावरही गाडी वळत राहील. त्याला पिन ७ वरून पाच व्होल्ट मिळतात. पिन १ आणि २ वर मात्र पाच व्होल्ट ढकलू नका. वायर एकतर ग्राउंडला जोडायची, नाहीतर मोकळी सोडायची.

प्लग सारखा म्हणून कन्सोल सारखा नाही

सेगा मेगा ड्राइव्हचा प्लगही नऊ पिनांचा, पण तिथे पाच व्होल्ट पिन ५ वर असतात. अटारीत ती पिन पॅडलची. १९८२ च्या कोलेकोव्हिजनचाही प्लग तसाच, पण स्पिनरच्या वायरी ७ आणि ९ वर. तिथे आणखी एक फरक आहे : स्पिनर हलला की तो प्रोसेसरचं लक्ष स्वतःच वेधून घेतो, खेळाने बघायची वाट पाहत नाही. अटारी पहारेकऱ्यासारखा ठरल्या वेळी फेरी मारतो. कोलेकोच्या दारावर घंटा आहे. म्हणून अटारीसाठी बनवलेला स्पिनर दुसऱ्या कन्सोलला प्लग बसतो म्हणून लावू नका. जुनी चिप जळली तर तिच्या जागी नवी मिळणं अवघड.

आणि एक गंमत. अटारी जॅग्वारवर १९९४ मध्ये आलेल्या जेफ मिंटर यांच्या टेम्पेस्ट २००० मध्ये स्पिनरची सोय लपवून ठेवली होती. कंपनीने तसा कंट्रोलर कधी विकलाच नाही. पर्यायांच्या पडद्यावर दोन्ही कंट्रोलरचं पॉज बटण एकदम दाबलं की ती सोय उघडते. हौशी मंडळींनी पॅडच्या डाव्या-उजव्या बटणांच्या जागी एन्कोडरच्या दोन वायरी जोडल्या आणि तो खेळ हवा तसा खेळला.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी खेळाचा प्रश्न ओळखा, मग तो किती वेळा विचारतो ते बघा, मग पिना तपासा. सोल्डरिंग सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे कुठला कन्सोल आहे आणि कुठला खेळ अडलाय, ते कळवा. पुढच्या भागात पॅडलचा थरथरणारा पोटेन्शिओमीटर उघडून कसा साफ करायचा ते बघू.

जय हिंद.