तुझी पत किती, बॉस?

‘यार, पाच हजार दे ना, एक तारखेला नक्की परत करतो.’ हे ऐकलं की आपल्या डोक्यात एक कॅल्क्युलेशन सुरू होतं. मागच्या वेळी किती दिवसांनी दिले होते? मागावे लागले होते का? याचा पगार वेळेवर होतो का? आणि मग आपण म्हणतो, ‘पाच नाहीत रे, दोन आहेत बघ.’

या ‘दोन’ला मराठीत झकास शब्द आहे. पत. चारचौघांतली इज्जत म्हणजेही पत आणि उधारी किती मिळेल त्याची मर्यादा म्हणजेही पतच.

२००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवरच्या रायन फगर नावाच्या प्रोग्रामरने नेमका हाच फंडा उचलला आणि रिपलपे बनवलं. (आज रिपल म्हटलं की लोक एक्सआरपीचा भाव सांगायला लागतात, ती पुढची स्टोरी. २०१२ मध्ये फगरने सूत्रं दुसऱ्यांच्या हाती दिली.) मूळ रिपलमध्ये बँक नव्हती, स्वतःचं नाणंही नव्हतं. प्रत्येकाने फक्त सांगायचं, मी कुणाला ओळखतो आणि त्याला किती रकमेपर्यंत उधार देईन.

समजा, मला ठाण्याच्या एका फोटोग्राफरला हजार रुपये द्यायचेत. तो मला ओळखत नाही. पण रूममेटचा माझ्यावर विश्वास आहे, तिच्या कलीगचा तिच्यावर, आणि फोटोग्राफरचा त्या कलीगवर. मग मी रूममेटचं हजाराचं देणं लागते, ती कलीगचं, कलीग फोटोग्राफरचं. नोट एकही हलली नाही, पेमेंट झालं! मी पैसे बुडवले तर फटका रूममेटला, कारण मला पत तिने दिली होती. फोटोग्राफरला माझं नावही कळायची गरज नाही.

आपल्याकडच्या सराफांना यात काही नवल वाटलं नसतं. पेशवाईत पुण्याहून काशीला जाणारा माणूस रोकड बांधून न नेता हुंडी न्यायचा. इथल्या सराफाचा कागद तिथला सराफ वटवायचा, कारण त्या दोघांचा आपसात हिशेब चालू असायचा. इंग्रजांनी १८८१ मध्ये चेक आणि प्रॉमिसरी नोटांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक प्रथांना धक्का लावला नाही.

थिअरी ऐकायला भारी आहे. म्हणून आमच्या फ्लॅटवर आम्ही चौघींनी ट्राय केली. प्रत्येकीने बाकी तिघींची नावं लिहायची आणि पुढे आकडा, हिला मी न विचारता किती देईन. पाच मिनिटांत वातावरण टाइट! एकीने जिच्यापुढे दहा हजार लिहिले होते, तिने हिच्यापुढे लिहिले होते पाचशे. त्यानंतर दोन दिवस दोघींचं बोलणं दुधाच्या पिशवीपुरतं. पाचशेवाली शेवटी मला म्हणाली, ‘मैत्री वेगळी गं. पण तिची क्रेडिट कार्डं मी बघितलीयत.’ तिचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण तो आकडा उघड्यावर यायला नको होता.

मग वाटतं, एवढी भानगड कशाला? सरळ सगळ्यांना दिसेल असं रेटिंग ठेवावं, टॅक्सीवाल्यांना स्टार देतो तसं. तेही करून झालंय. बिटकॉइन-ओटीसी नावाच्या मार्केटमध्ये अनोळखी लोक एकमेकांना उणे १० ते अधिक १० असे गुण द्यायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने जपलेल्या त्या डेटात ५,८८१ जण आणि ३५,५९२ रेटिंग्ज आहेत. त्यातली ८९ टक्के पॉझिटिव्ह! इतके सज्जन मला तरी कुठल्या बाजारात भेटलेले नाहीत.

शिवाय नवं नाव घ्यायला खर्च काय? एकच माणूस पन्नास खाती उघडून स्वतःचीच पाठ थोपटू शकतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या जॉन डूसर यांनी २००२ च्या पेपरमध्ये या प्रकाराला ‘सिबिल अटॅक’ म्हटलं. सिबिल म्हणजे अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या बाईवरच्या पुस्तकाचं नाव. (आपल्या क्रेडिट स्कोअरचं सिबिल वेगळं, पण योगायोग बघा.) रिपलपेमध्ये ही ट्रिक फारशी चालत नाही. पन्नास खोटी खाती एकमेकांना कोटींची पत देवोत, माझ्या रूममेटने त्यातल्या एकालाही पत दिली नसेल, तर तिच्या खिशातून पाच पैसे निघत नाहीत.

बिटकॉइनवर चालणाऱ्या लाइटनिंग नेटवर्कने उलटा रस्ता धरला. विश्वासच नको, दंड ठेवा. दोघांनी मिळून उघडलेल्या चॅनलमध्ये एकाने जुना हिशेब पुढे करून चीटिंग केली आणि दुसऱ्याने ती वेळेत पकडली, तर चॅनलमधली सगळी रक्कम दुसऱ्याची. मधला नोड पैसे गिळू शकत नाही, तेही गणिताने बांधलेलं.

पण पत मागच्या दाराने आलीच. चोरी नाही करता आली, तरी मधला नोड बंद असू शकतो, पेमेंट लटकवू शकतो. म्हणून एलएनडी हे तिथलं सॉफ्टवेअर कुठल्या वाटेने पेमेंट फसलं ते लक्षात ठेवतं आणि काही काळ ती वाट टाळतं. डिफॉल्ट सेटिंगमध्ये हा राग दर तासाला निम्मा होतो. (आमच्या फ्लॅटपेक्षा बरंच फास्ट.)

जॅमिंगचा प्रॉब्लेम मात्र अजून छळतो. कुणीतरी मुद्दाम पेमेंट्स पाठवून अडकवून ठेवतो आणि दुसऱ्यांचे पैसे तेवढा वेळ कुजत पडतात. त्यावर डेव्हलपर मंडळींनी मांडलेला एक उपाय म्हणजे ‘लोकल रेप्युटेशन’. प्रत्येक नोडने आपल्या शेजाऱ्याचा अनुभव स्वतःच्या वहीत लिहायचा. ज्याचा रेकॉर्ड चांगला त्याला जास्त जागा, नव्या भिडूला थोडी. ती वही बाकी नेटवर्कला दाखवायची नाही.