जुन्या डेटाबेसवर जँगो

जँगोची मूळ रीत अशी, की आधी पायथनमध्ये मॉडेल लिहायचं आणि त्यावरून टेबल तयार करायचं. जुन्या डेटाबेसात क्रम उलटा असतो. टेबलं आधीच आहेत, त्यांत वर्षानुवर्षांचे हिशेब आहेत आणि दुसरे प्रोग्रॅमही त्यांवर चालतात. म्हणून जुळवून घ्यायचं ते मॉडेलनं. टेबलाला हात लावायचा नाही.

पहिला मसुदा

'इन्स्पेक्टडीबी' ही कमांड टेबलं वाचून मॉडेलचा कोड लिहून देते. त्यात 'मॅनेज्ड' हे 'फॉल्स' असतं, त्यामुळे मायग्रेशन टेबलांची रचना बदलत नाही. ते तसंच राहू द्या. मात्र टेस्टसाठी बनणाऱ्या डेटाबेसात ही टेबलं आपोआप येत नाहीत, ती वेगळी उभी करावी लागतात.

प्रायमरी की

खरा धोका इथे आहे. जुन्या बिलांच्या टेबलात बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक मिळून एक की असते. जँगोला अनेक वर्षं एकाच कॉलमची की चालत असे. संयुक्त कीची सोय 5.2 आवृत्तीत, 2025 साली आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत फक्त बिल क्रमांक की म्हणून घोषित केला आणि एक ओळ डिलीट केली, तर त्या बिलाच्या सगळ्या ओळी जातात. एररही येत नाही! अशा आवृत्तीवर असाल तर त्या टेबलातून फक्त वाचा. लिहिण्यापुसण्यासाठी सरळ एसक्यूएल वापरा.

न लिहिलेली नाती

मायएसक्यूएल 5.5 येईपर्यंत मायआयसॅम हे डीफॉल्ट इंजिन होतं आणि ते फॉरिन की पाळत नाही. त्यामुळे ग्राहक क्रमांकाचा कॉलम मॉडेलमध्ये नुसता आकडा म्हणून उतरतो. नातं हातानं लिहा, पण त्याआधी लेफ्ट जॉइन लावून ग्राहकच नसलेली बिलं किती ते मोजा. ती जवळपास हमखास सापडतात.

मराठी मजकूर

युनिकोडपूर्वीच्या मराठी नोंदी बहुधा कृतिदेवसारख्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत असतात. डेटाबेसाच्या लेखी ती रोमन अक्षरंच. स्वतःचा फील्ड लिहून 'फ्रॉम डीबी व्हॅल्यू' या मेथडमध्ये रूपांतर केलं, की पडद्यावर नाव नीट दिसतं. पण शोध आणि क्रमवारी डेटाबेसातच होत असल्यामुळे त्या चुकीच्याच राहतात. त्यांसाठी युनिकोडमधली प्रत वेगळ्या टेबलात ठेवावी आणि मूळ नोंद बदलली की तीही बदलावी.