'स्थानिक निर्मिती' या संज्ञेचा अर्थ : एच.आय.व्ही.वरील औषधांच्या संदर्भात

काही संज्ञा ऐकताक्षणी कळल्यासारख्या वाटतात आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा करावयाची राहून जाते. 'स्थानिक निर्मिती' ही अशांपैकी एक होय. एच.आय.व्ही.वरील औषधे विकसनशील देशांनी स्वतः तयार करावीत, असे पुष्कळदा प्रतिपादन केले जाते. परंतु 'निर्मिती' म्हणजे नेमकी कोणती क्रिया, आणि ती किती अंशाने केली असता 'स्थानिक' ठरते, याविषयी बोलणाऱ्यांत एकवाक्यता नसते. हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. ही औषधे रोग्यास जन्मभर घ्यावी लागतात. त्यांत खंड पडला तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारे त्याचे प्रकार बळावण्याचा धोका असतो. पुरवठ्याची दोरी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यामुळे रोग्याच्या जीविताशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा विचार मुख्यतः ब्राझीलच्या आधारे करावयाचा आहे.

ब्राझीलने इ. स. १९९६ च्या मे महिन्यात नवा पेटंट-कायदा केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एच.आय.व्ही.बाधितांस औषधे विनामूल्य देण्याचा दुसरा कायदा केला. एका हाताने औषधांवरील मक्तेदारी मान्य करावयाची व दुसऱ्या हाताने तीच औषधे सर्वांस फुकट देण्याचे दायित्व पत्करावयाचे, असा हा विलक्षण योग होता. झिडोव्हुडिनसारख्या जुन्या औषधांवर तेथे पेटंट नव्हते. ती देशात तयार होत. अडचण आली ती नव्या औषधांच्या बाबतीत.

पेटंट-कायद्याच्या ६८ व्या कलमात अशी तरतूद होती की, पेटंटधारकाने वस्तूचे उत्पादन ब्राझीलच्या भूमीवर केले नाही, तर ते करण्याचा सक्तीचा परवाना इतरांस देता यावा. अमेरिकेने यास जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली. बौद्धिक संपदेविषयीच्या 'ट्रिप्स' करारातील २७ व्या कलमानुसार पेटंटचे हक्क देताना आयात केलेली वस्तू व स्थानिक रीत्या उत्पादित वस्तू असा भेदभाव करता येत नाही. उलट पक्षी, पेटंटचा अंमल न करणाऱ्यावर सक्तीचा परवाना लादण्याची मुभा जुन्या पॅरिस करारात आहेच. हा वाद निर्णयापर्यंत गेला असता तर 'स्थानिक' या विशेषणाचा अर्थ एकदाचा ठरला असता. परंतु जून २००१ मध्ये अमेरिकेने तक्रार मागे घेतली आणि प्रश्न तसाच राहिला.

इंग्रजी कायद्यात पेटंट 'वर्क' करणे असा प्रयोग आहे. मराठीत त्याचे 'वापरात आणणे' असे भाषांतर केले तर आयात पुरेशी ठरते. 'उत्पादन करणे' असे केले तर ठरत नाही. भाषांतरकार येथे नकळत न्यायाधीश होतो! प्रत्यक्षात न्यायाधीशांसही हे सोपे गेलेले नाही. कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाच्या प्रकरणी मुंबईच्या पेटंट-नियंत्रकांनी २०१२ मध्ये 'भारतात उत्पादन' असा अर्थ लावला. अपील मंडळाने २०१३ मध्ये, प्रसंगविशेषी आयातही चालू शकेल, अशी त्यास मुरड घातली. परवाना मात्र कायम राहिला, आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

आता पुन्हा ब्राझीलकडे वळू. २००७ साली तेथील सुमारे ७५ हजार रोगी एफाव्हिरेंझ हे औषध घेत होते. मर्क कंपनीचा दर प्रत्येक गोळीस १.५९ डॉलर होता. भारतीय कंपन्या तीच गोळी सुमारे ४५ सेंटना देऊ करीत होत्या. मर्कने तीस टक्के सूट देऊ केली, ती अपुरी ठरली आणि ४ मे २००७ रोजी अध्यक्ष लुला यांनी सक्तीच्या परवान्याच्या हुकुमावर सही केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हुकुमास आधार घेतला तो 'लोकहिता'चा. वादग्रस्त ६८ व्या कलमाचा नव्हे.

परवाना मिळाला, तथापि औषध लगेच तयार झाले नाही. आरंभी गोळ्या भारतातून आणाव्या लागल्या. सरकारी फारमान्गिन्योस या संस्थेची पहिली खेप बाहेर पडली ती २००९ च्या आरंभी. हा विलंब का झाला, हे समजण्यासाठी 'निर्मिती' या शब्दाच्या पोटातील दोन क्रिया वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली मूळ औषधद्रव्य रसायनांपासून सिद्ध करण्याची, व दुसरी त्या द्रव्यात पूरक पदार्थ मिसळून गोळी तयार करण्याची. एफाव्हिरेंझच्या रेणूची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे संभवतात. त्यांपैकी एकच हवे असते. शिवाय हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून त्याच्या कणांचा आकार व स्फटिकाचे रूप बिघडले तर गोळी दिसावयास तशीच, पण रक्तात पुरेशी न उतरणारी होते. पेटंटच्या लेखात कृती उघड करावी, असा संकेत आहे. किंबहुना मक्तेदारीचा मोबदला तोच. परंतु प्रयोगशाळेतील कृती कळणे निराळे आणि कारखान्यात टनावारी माल काढणे निराळे. ब्राझीलमध्ये मूळ द्रव्याचे काम तीन खाजगी कंपन्यांच्या संघाने केले व गोळीचे सरकारी संस्थेने. परवान्याने मनाई दूर होते, विद्या मिळत नाही. आणि माझ्या मते परवान्यांवरील चर्चेत हीच बाब सर्वांत उपेक्षित राहिली आहे.

या दृष्टीने आफ्रिकेकडे पाहिले असता संज्ञेचा दुसरा अर्थ समोर येतो. युगांडात कंपालाजवळ लुझिरा येथे २००७ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या सहकार्याने कारखाना उघडला. सिप्लाने आपला हिस्सा २०२३ मध्ये विकला. त्याच वर्षी केनियाच्या युनिव्हर्सल कॉर्पोरेशनला टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांच्या एकत्रित गोळीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली, आणि २०२५ मध्ये ग्लोबल फंडाने ती गोळी मोझांबिकसाठी खरेदी केली. या कारखान्यांत तयार होते ती गोळी. मूळ औषधद्रव्य बहुतांशी भारत व चीन येथून येते. आणि भारतातील कारखान्यांना लागणाऱ्या मधल्या रसायनांपैकी बरीचशी पुन्हा चीनमधूनच येतात.