संगणक एक, वापरणारे अनेक

जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीमुळे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक गावांना पुराचा वेढा पडला. अशा प्रसंगी ग्रामपंचायतीला सर्वांत अधिक निकड असते ती वेळेवर मिळणाऱ्या पूर्वसूचनेची. परंतु वातावरणाचे गणित इतके मोठे असते की, एकट्या संगणकावर ते सोडविल्यास पाऊस पडून गेल्यावर उत्तर हाती यावयाचे. म्हणून अनेक संगणक जोडून ते त्यांच्यात वाटून देतात. अशा जोडणीस संगणक-समूह म्हणतात. तो सार्वजनिक खर्चाने उभा राहतो व अनेकजण तो वापरतात. यास्तव त्याच्या वापराची शिस्त समजून घेणे अगत्याचे आहे.

पुण्याची कामगिरी

या क्षेत्रात पुण्याने पुढाकार घेतला. १९८८ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘अर्क’ राष्ट्रास अर्पण झाले. ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात; काळाचे टप्पेही बारीक करावे लागतात. ढोबळ मानाने काम आठपट वाढते.

जंक्शनची व्यवस्था

समूहाचे काम समजण्यास बल्लारपूरकरांना दूर जावे लागणार नाही. बल्लारशाह जंक्शनवर दिल्ली-चेन्नई मार्गाला गोंदियाकडील मार्ग मिळतो. गाड्या पुष्कळ, रूळ मोजके. कोणताही चालक आपल्या मर्जीने गाडी पुढे नेत नाही. नियंत्रकाने मार्ग दिल्यावरच ती हलते. समूहातही वापरणारा दूरच्या गावाहून, संस्थेने दिलेल्या खात्याद्वारे, प्रथम प्रवेश-संगणकावर पोहोचतो. हे जणू स्थानकाचे फलाट होय. तेथे कामाची तयारी करावयाची. प्रत्यक्ष गणित तेथे चालविल्यास इतरांची वाट अडते. गणित होते ते आतील गणन-संगणकांवर, आणि तेथील जागा वाटून देतो ‘स्लर्म’सारखा नियोजक. हा नियोजक म्हणजे माणूस नव्हे, आज्ञावलीच होय.

कामाची चिठ्ठी

समजा, एका प्राध्यापकास ४० वर्षांच्या पावसाच्या नोंदी तपासावयाच्या आहेत. त्यांनी ‘पायथॉन’ भाषेत एक छोटी आज्ञावली, म्हणजेच स्क्रिप्ट, लिहिली. एका वर्षास १५ मिनिटे लागतात; म्हणजे एका संगणकावर एकूण १० तास. तीच स्क्रिप्ट जशीच्या तशी समूहावर ठेवल्यास वेळ फारसा वाचत नाही, कारण ती एकाच प्रक्रियकावर चालते. शंभर मजूर हजर असले तरी काम एकालाच सांगितले, तर उरलेले नव्व्याण्णव बसून राहतात. मात्र प्रत्येक वर्षाचे गणित स्वतंत्र असल्याने त्याचे ४० तुकडे करता येतात. तितके प्रक्रियक एकाच वेळी मिळाले, तर रांगेचा वेळ वगळता काम १५ मिनिटांच्या सुमारास उरकते.

त्यासाठी प्राध्यापक एक चिठ्ठी लिहितात : तुकडे ४०, प्रत्येकास एक प्रक्रियक, अमुक इतकी स्मृती, वेळ २० मिनिटे आणि चालवावयाची स्क्रिप्ट. ती सादर होताच कामाला क्रमांक मिळतो व ते रांगेत लागते. रांगेतील क्रम ठरविताना किती काळ वाट पाहिली, मागणी किती मोठी आहे आणि त्या खात्याने आजवर किती वापर केला, या बाबी विचारात घेता येतात.

खऱ्या मागणीचे महत्त्व

व्यवस्थेचा सारा भार या चिठ्ठीच्या खरेपणावर असतो. वेळ कमी मागितला, तर मुदत संपताच काम मध्येच थांबविले जाते. ‘असू द्यावे’ म्हणून २० मिनिटांऐवजी २४ तास मागितले, तर स्वतःचेच काम रखडते. कारण दोन मोठ्या कामांमधील रिकाम्या वेळेत नियोजक लहान कामे बसवितो, जशी दोन गाड्यांच्या मधल्या अवधीत एखादी मोकळी इंजिनगाडी काढून दिली जाते. गरजेहून अधिक स्मृती अडविली, तर ती दुसऱ्या कोणासही मिळत नाही. म्हणून आधी एका वर्षाच्या नोंदींवर स्क्रिप्ट चालवून वेळ व स्मृती मोजावी, थोडी सवलत ठेवावी आणि मगच पूर्ण मागणी करावी. लांबलचक कामात मधले निष्कर्ष वेळोवेळी साठवावेत, म्हणजे खंड पडल्यास आरंभापासून सुरुवात करावी लागत नाही.

ही सवय लावण्यास महासंगणकच हवा असे नाही. शाळेतील एका संगणकावरही विद्यार्थ्यांना काम मोजून मागण्यास आणि ते संपताच जागा मोकळी करण्यास शिकविता येईल. गावच्या सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी ठरविणाऱ्या पंचायत सदस्यांना ही रीत नवी वाटणार नाही. पाळी पाळली गेली तरच पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते.