वर्ध्याचा रफार

अंध मुलं टायपिंग कशी शिकतात यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. माहिती घेत गेलो आणि ‘वर्धा’ या एका शब्दापाशी थांबलो. त्यातला रफार कोणत्या क्षणी टाइप करायचा, यावर अंध विद्यार्थ्याचं पुष्कळ काही अवलंबून असतं.

लिहिण्याच्या यंत्राचं आणि अंधत्वाचं नातं जुनं आहे. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्रीने कॅरोलिना फँटोनी या दृष्टिहीन मैत्रिणीसाठी असं यंत्र केलं होतं. तिने त्यावर लिहिलेली १८०८ पासूनची पत्रं टिकून आहेत. अंधांसाठी ठिपक्यांची लिपी घडवणारा लुई ब्रेल जन्मला तो त्याच्या पुढच्या वर्षी.

पहिला धडा कुठेही तोच. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवल्या की बाकीची बोटं आपापल्या जागी येतात. एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या, मोफत स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एक एकत्र दाबलं, की प्रत्येक बटणाचं नाव ऐकू येतं, टाइप मात्र काहीच होत नाही. बिघडण्यासारखं काही नसल्यामुळे मूल मोकळेपणाने बोटं फिरवू शकतं. पुढे टाइप केलेलं एकेक अक्षर ऐकायचं आणि हात बसला की फक्त पुरे शब्द.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी घेतली, तर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या. के वर क, तिथेच शिफ्ट धरून ख. ओ वर द, शिफ्टसह ध. वर्णमाला पाठ असलेल्या मुलाला यातली संगती लगेच सापडते. उंचवट्याच्या दोन बटणांवर पहिली वेलांटी आणि र.

आता ‘वर्धा’. इनस्क्रिप्टमध्ये व, र, हलन्त, ध, काना: जसं बोलतो तसंच. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्येही जवळपास हाच क्रम, फक्त हलन्ताचा ठिपका र च्या आधी येतो. ब्रेलवर वाढलेल्या बोटांना जोडाक्षरापुरती तेवढी सवय बदलावी लागते. जुन्या रेमिंग्टन टंकयंत्राच्या वळणाच्या कृतिदेव फाँटमध्ये मात्र आधी व, मग ध, मग काना आणि रफार सगळ्यांत शेवटी, कारण तो कान्याच्या डोक्यावर दिसतो. ज्याने रफार कधी पाहिलेला नाही, त्याने तो कुठे दिसतो हे आठवून बोट उचलायचं. मला हा उघड अन्याय वाटतो.

लिपी आणि यंत्र यांची ओढाताण वर्ध्याला परकी नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे १९३६ मध्ये स्थापन झाली. इथे काम केलेले काकासाहेब कालेलकर १९४८ मध्ये हिंदी टंकयंत्रासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. पवनारच्या विनोबांनी लोकनागरी ही सुधारित लिपी पुढे आणली. १९५३ च्या लखनौच्या लिपीसुधार परिषदेने पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेली आणि चार वर्षांत ती पुन्हा डावीकडे आली. भारती ब्रेलमध्ये ती सुरुवातीपासून व्यंजनानंतरच आहे.

अंध विद्यार्थ्याच्या अडचणी रफारापाशी संपत नाहीत. कृतिदेव इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार देतो. त्यातल्या फाइलीत ‘मराठी’ हा शब्द असला, तर स्क्रीन रीडरला तिथे ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं मिळतात आणि तो तीच बोलतो. टायपिंगच्या चाचणीत छापील उतारा बघून उतरवायचा असतो. अंध उमेदवाराला तो ब्रेलमध्ये दिला, तर वाचणारा हात आणि टाइप करणारा हात एकच. ऐकवला, तर ऱ्हस्व-दीर्घ त्याला स्वतः ठरवावं लागतं. डोळस उमेदवार ते कागदावरून उचलतो. वेगाच्या नावाखाली शुद्धलेखनाची जादा परीक्षा एकट्या अंध उमेदवाराच्या वाट्याला येते.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी किमान एक टक्का जागा राखल्या आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आनंदवनात, अंध मुलांची शाळा उभी केली. अशा शाळांतून शिकलेलं मूल त्या जागेपर्यंत पोचायचं असेल, तर पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्ट शिकवायला हवं, कचेऱ्यांनी जुन्या फाँटच्या फाइली स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणायला हव्यात आणि चाचणीत ऐकलेल्या मजकुराच्या ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापणं थांबवायला हवं. यातल्या एकाही कामासाठी नवं यंत्र शोधावं लागणार नाही. ठरवावं मात्र लागेल, आणि ते डोळसांनीच ठरवायचं आहे.